हैबतीचे पाच किलोमीटर

हैबती उतेकरने सत्तावीस वर्षं महाड-पोलादपूर रस्त्यावर मिनीडोर चालवली. सहा माणसांच्या त्या तीनचाकीत तो बारा माणसं बसवायचा आणि तेराव्याला म्हणायचा, "ये रे, लटक. राजेवाडी फाट्याला चार उतरतील." रस्त्याने कुणी पायी चाललेला दिसला की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. ज्याला गाडी मिळाली नाही त्याने चालावं, असं त्याचं साधं मत होतं. घर ते स्टँड हे दोन मिनिटांचं अंतरसुद्धा तो गाडीनेच जायचा.

गाडी विकून वर्ष झालं होतं. वय अठ्ठावन्न, वजन एक्क्याण्णव. एके दिवशी डाव्या अंगठ्याला ठेच लागली आणि ती जखम तीन आठवडे झाले तरी भरेना. चंद्रभागेने, म्हणजे त्याच्या बायकोने, आधी हळद लावली, मग मलम लावलं आणि शेवटी नवऱ्याला हाताला धरून दवाखान्यात नेलं. रक्तात साखर निघाली, आणि थोडीथोडकी नाही. डॉक्टरीणबाई वयाने त्याच्या मुलीएवढ्या होत्या. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, "जखम भरली की रोज पाऊण तास चालायचं, काका."

"कुठं जायचं?"

"कुठेच नाही. नुसतं चालायचं."

हैबतीला ते काही कळेना. ज्याला कुठेच जायचं नाही असा पॅसेंजर त्याने आयुष्यात पाहिला नव्हता.

जखम भरली. पनवेलला बँकेत असलेल्या तेजश्रीने, त्याच्या एकुलत्या एक मुलीने, पांढरेशुभ्र बूट पाठवले. ते घालून हैबती सकाळी चवदार तळ्याच्या बाजूने निघाला. शंभर पावलं गेला नसेल तोच एक रिक्षा थांबली. "हैबतीशेठ, गाडी कुठाय? बसा." त्याला वाटेला लावतोय तोवर दुधाचा टेम्पो थांबला. मग ओळखीचा एक शिक्षक मोटारसायकल थांबवून म्हणाला, "घरी सगळं ठीक ना? असे पायी का निघालात?" अर्ध्या तासात हैबती अकरा वेळा थांबला आणि अकरा जणांना आपली साखर सांगून बसला. दुपारपर्यंत ती बातमी पोलादपूरला पोचली.

चौथ्या दिवशी प्रयागबाई भेटली. ही शिवथरकडची म्हातारी वर्षानुवर्षं भाजीची पाटी घेऊन त्याच्या गाडीत बसायची. तिने भरलेली रिक्षा थांबवायला लावली, दोघांना सरकवलं आणि हैबतीचा हात धरला. "मला पावसात कधी उभी ठेवली नायस तू. आज तुला चालत जाऊ देईन होय? बस."

"मावशी, मला चालायचंच हाय."

"वेडा झालायस. बस."

हैबती बसला. भाजी मंडईत उतरून तिची पाटी खाली घेतली, चहा प्यायला आणि घरी परत रिक्षानेच आला. चंद्रभागेने विचारलं, "किती चाललात?" तो म्हणाला, "माणसानं इतकं चांगलं वागू नये गो. अंगाशी येतं."

ही हकीकत तेजश्रीला कळली आणि पंधरा दिवसांत चालायचं मशीन दारात आलं. महाडात मोठा पूर येऊन गेल्यापासून घरातली मोलाची वस्तू कुणी खाली ठेवत नाही, म्हणून तीन माणसांनी ते धापा टाकत वरच्या खोलीत चढवलं. त्यांचा घाम बघून हैबतीला वाटलं, आजचा व्यायाम झाला. मशीन भिंतीकडे तोंड करून बसलं, कारण दुसरीकडे तोंड केलं की दार उघडत नव्हतं. भिंतीवर पतसंस्थेचं कॅलेंडर होतं.

मोटार घरघरली, पट्टा सरकू लागला, हैबती चालू लागला. सत्तावीस वर्षं त्याने रस्ता मागे टाकला होता, आता रस्ता त्याला मागे टाकायला बघत होता. पुढे ना वळण, ना पूल, ना हात दाखवणारं कुणी. त्याने त्या महिन्यातल्या एकादश्या वाचल्या, सुट्ट्या वाचल्या, पतसंस्थेच्या संचालकांची नावं वाचली, त्यांतले कोण कोण वारले ते आठवलं. एवढं झाल्यावर आकड्याकडे पाहिलं तर चार मिनिटं झाली होती. त्याला वाटलं, यंत्र बिघडलंय.

मग उपाय सुरू झाले. आकड्यांवर टॉवेल टाकला, तर टॉवेलखाली किती झालं असेल याचाच विचार डोक्यात. टीव्ही वर आणून लावला, तर मालिकेतली सासू तावातावाने बोलायला लागली की हा ऐकायला थांबायचा आणि पट्टा त्याला मागे न्यायचा. भजन लावलं, तर पाय भजनाच्या लयीत पडू लागले, आणि भजन संथ होतं. शेवटी त्याने चालता चालता मोबाईलवर आलेला एक निरोप वाचायला घेतला. तिसऱ्या ओळीवर पट्ट्याने त्याला उचलून मागच्या गाद्यांच्या ढिगावर नेऊन ठेवलं.

खालून चंद्रभागेने विचारलं, "काय पडलं?"

"काय नाय. मी."

तेजश्रीने नियम घातला होता की रोज संध्याकाळी आकड्याचा फोटो पाठवायचा. पहिले काही दिवस एक किलोमीटर, कधी सव्वा, असं जात होतं. एकदा खाली कुणी हाक मारली म्हणून हैबती पट्टा चालू ठेवूनच खाली गेला. गप्पा मारून परत आला तर आकडा दोनच्या पुढे गेलेला. हैबती त्या आकड्याकडे बघत उभा राहिला. मशीन प्रामाणिक होतं, पण भोळं होतं. त्यावर कुणी आहे की नाही हे त्याला कळत नव्हतं.

पुढचं सांगायला हैबतीला आजही लाज वाटते, पण तो सांगतो, आणि जरा रंगवूनच सांगतो. त्याने मशीनशेजारी प्लास्टिकचं स्टूल ठेवलं. पाच वाजता पट्टा चालू करायचा, शेजारी बसायचं, चहा घ्यायचा. पट्टा आपला चालतोय, हा त्याच्याकडे बघतोय. पाच किलोमीटर झाले की कपाळाला थोडं पाणी लावून फोटो काढायचा. फोटो फक्त आकड्याचा असायचा, तरी पाणी लावायचा. तेजश्रीकडून अंगठे यायचे, फुलं यायची.

एकदा चंद्रभागा म्हणाली, "वर पावलांचा आवाज कसा नाय येत?"

"मी हलका चालतो."

"एक्क्याण्णव किलो हलकं?" असं म्हणून ती भाकऱ्या थापायला गेली.

तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासलं. साखर आधीपेक्षा वाढलेली होती. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा पाहिला. "काका, रोज पाच किलोमीटर चालून ही वाढली असेल, तर माझं शिक्षणच वाया गेलं म्हणायचं." त्यांची नजर त्याच्या पायांकडे गेली. पांढऱ्या बुटांवर डाग नव्हता, तळ नव्यासारखे. "बूट छान ठेवलेत," एवढंच त्या म्हणाल्या आणि आणखी एक गोळी वाढवली. पुढच्या तपासणीत उतरली नाही तर इन्सुलिनची सुई, हेही सांगितलं.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरतो तोच फोन वाजला. पोलादपूरहून सलमा होती, अब्बासची बायको. अब्बास हा त्याच लाइनीवरचा दुसरा मिनीडोरवाला. दोघांनी वीस वर्षं एकाच रांगेत गाड्या लावल्या, एकाच टपरीवर चहा प्यायला आणि पॅसेंजरवरून दिवसाआड भांडणं केली. गेल्या वर्षी अब्बासच्या हृदयात स्टेंट बसला, आणि तेव्हापासून तो घराबाहेरच पडत नव्हता. मुलगा इरशाद मस्कतला, घरात दोघंच. अब्बास दिवसभर छताकडे बघत पडून असायचा.

"भावजी, तुमचे उपकार झाले," सलमा म्हणाली. "तेजश्री रोज तुमच्या आकड्याचा फोटो पाठवते ना मला, तो बघून हे उठले. म्हणतात, तो हैबत्या पाच चालतो, मग मी काय मेलोय? गच्चीवर फेऱ्या मारतात. डॉक्टर म्हणाले दोनच करा, पण हे ऐकत नाय. काल पाच केले. पाय सुजलेत, तरी आज पुन्हा करणार म्हणतात. तुम्ही जरा सांगा त्यांना, तुमचं ऐकतील."

हैबती तिथेच पायरीवर बसला. आतापर्यंत सगळी गंमत होती, आपली साखर आपल्याशी. आता त्याच्या स्टुलावरच्या चहापायी एक माणूस छातीत स्टेंट घेऊन पाच किलोमीटर ओढत होता. पोलादपूरची पहिली एसटी मिळाली ती त्याने पकडली. खिडकीशी बसून तो मनात वाक्यं जुळवत होता. लोहारे आलं, पार्ले आलं, एकही वाक्य धड जमलं नाही.

अब्बास गच्चीवरच होता. वाळला होता, घामाने बनियन अंगाला चिकटलेलं. कठड्यावर चिंचोक्यांचा डबा होता. एक फेरी झाली की तो एक चिंचोका डब्यात टाकायचा.

"आलास?" अब्बास न थांबता म्हणाला. "थांब, तीन किलोमीटर झालेत, दोन राहिलेत."

"अब्बास, थांब. मी नाय चाललो."

"आज नाय चाललास?"

"कधीच नाय चाललो. पट्टा चालायचा. मी बाजूला बसून चहा प्यायचो."

अब्बास थांबला. हातातल्या चिंचोक्याकडे बघत राहिला. हैबतीला वाटलं, आता हा शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं. अब्बास हळू आवाजात म्हणाला, "माझे पाय सुजले रे, हैबत्या." हैबतीला वर बघवेना.

"बुटं तेवढी घातलेली होती," तो म्हणाला.

अब्बासचा चेहरा आधी आवळला, मग सैल पडला, आणि मग त्याला एकदम जुनं काहीतरी आठवलं. "तू पहिल्यापासून असाच. लोहाऱ्याच्या लग्नाची सगळी माणसं माझी ठरलेली होती. मी पंक्चर काढत होतो, तेवढ्यात तू भरून नेलीस."

"तुझी कुठं ठरलेली? नवऱ्याच्या मामानं मला सांगितलं होतं."

"मामानं? मामा तर आदल्या रात्री माझ्या घरी जेवला." अब्बास रागाने चालू लागला, पण आता सावकाश. त्याला उत्तर द्यायचं तर शेजारी चालणं भाग होतं, म्हणून हैबतीही चालू लागला. मामावरून विषय पंक्चरवर आला, पंक्चरवरून स्टँडच्या रांगेवर, रांगेवरून एका पावसाळ्यात कुणी कुणाची गाडी चिखलातून ढकलली होती त्यावर. दोघंही आपलंच खरं म्हणत होते. सलमा चहा घेऊन वर आली आणि म्हणाली, "बसा आता. पाऊण तास झाला, दोघंबी फिरताय."

हैबतीने घड्याळ पाहिलं. पोटऱ्या दुखत होत्या, शर्ट ओला झाला होता आणि त्याला पत्ताच नव्हता. भिंतीवरच्या सगळ्या एकादश्या वाचून चार मिनिटं सरत नव्हती, आणि इथे पंचेचाळीस मिनिटं एका पंक्चरमध्ये गेली.

घरी येऊन त्याने आधी चंद्रभागेला सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं. स्टुलावर चहाचे गोल उठलेत." तेजश्रीला सांगणं मात्र अवघड गेलं. ती म्हणाली, "मी बँकेत सगळ्यांना दाखवत होते, बाबा." दोन दिवस तिने फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी निरोप आला: आता फोटो नको, व्हिडिओ पाठवा, आणि त्यात पाय दिसू देत.

तेव्हापासून रोज पाच वाजता अब्बासचा फोन येतो. तो पोलादपूरला गच्चीवर, हा महाडला पट्ट्यावर. मोबाईल खिडकीत ठेवलेला असतो आणि खोलीभर भांडण चालू असतं. अब्बास डॉक्टरांनी सांगितलेले दोनच किलोमीटर करतो. त्याचे शेवटचे चिंचोके हैबती फोनवरून मोजून घेतो, कारण आता या बाबतीत कुणाचाच कुणावर विश्वास नाही. काही दिवशी भांडायला काही सापडत नाही. मग दोघंही गप्प चालतात आणि नुसते एकमेकांचे श्वास ऐकू येतात. पुढच्या तपासणीत साखर थोडी उतरली. सुई टळली, गोळी मात्र राहिली. डॉक्टरीणबाईंनी बुटांचे झिजलेले तळ पाहिले आणि पुढची तारीख लिहून दिली.

परवा अब्बास आणि सलमा महिनाभरासाठी मुलाकडे मस्कतला गेले. पहिल्या संध्याकाळी फोन लागेना. हैबती पट्ट्यावर एकटाच होता. सहा मिनिटं झाली, सात झाली, हात बंद करायच्या बटणाकडे जाऊ लागला. तेवढ्यात चंद्रभागा मेथीची जुडी आणि परात घेऊन वर आली, उंबऱ्यावर बसली आणि पानं खुडता खुडता म्हणाली, "कापडे गावात माझ्या भावाच्या लग्नात तुम्ही अक्षता पडल्यावर पोचलात. त्याचं खरं कारण मला अजून कळलं नाय."

"गाडी बिघडली होती गो. तेव्हाच सांगितलं होतं."

"गाडीत प्रयागबाई होती. ती म्हणाली, गाडीला काय झालं नव्हतं."

हैबतीने बटणावरचा हात काढून घेतला.