साताऱ्याची जागा की सांगलीची

बारावीनंतर मला डॉक्टर व्हायचं होतं, आणि नीटच्या मार्कांनी मला ते होऊ दिलं नाही. परदेशात म्हणे हाडा-सांध्यांवर हातानं इलाज करणाऱ्यांची वेगळी डॉक्टरकीच असते, तिला ऑस्टिओपॅथी म्हणतात. आमच्याकडं तिच्या जवळ जाणारं जे होतं ते फिजिओथेरपी. मी नाक मुरडतच अर्ज भरले आणि एकाच आठवड्यात दोन कॉलेजांनी मला घेतलं. एक साताऱ्याचं, एक सांगलीचं. दोन्हींची प्रवेशाची पद्धत वेगळी, पण शेवटची तारीख एकच, शनिवार. मूळ दाखले एकदा एका ठिकाणी जमा केले की दुसरीकडची जागा गेली.

मी मनात सातारा ठरवून टाकलं होतं. आमच्या रहिमतपूरहून जवळ, इमारत काचेची, आणि माझी मैत्रीण तिथंच जाणार होती. पण आमचे बाबा उसाचं बेणंसुद्धा चार रानं हिंडल्याशिवाय घेत नाहीत. "दोन्ही बघू, मग ठरवू," म्हणाले. एवढ्यावर थांबले असते तर ठीक. त्यांनी कुंडलला फोन करून आत्यालाही बोलावून घेतलं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, बाबा तिला आक्का म्हणतात. तिचे सासरे कुंडलच्या तालमीत वस्ताद होते, आणि मुरगळलेलं, निखळलेलं बसवण्यात त्यांचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. त्यांना मुलगे तीन; एकालाही ते जमलं नाही, जमलं ते सुनेला. शंभर किलोचा पैलवान खांदा धरून ओसरीवर येऊन बसायचा आणि आत्या डोक्यावरचा पदर नीट करून, त्याच्या काखेत टाच रोवून हात ओढायची. तो बोंबलायचा. ती म्हणायची, "वरड, वरड. वरडल्यावर अंग सैल हुतंय." कुणाकडून काही घेतलं नाही तिनं. गुण आला तर तालमीतल्या मारुतीला नारळ फोडायचा, एवढाच रिवाज.

आज हे सगळं मी मान ताठ करून सांगते. तेव्हा मला त्याची लाज वाटायची. सायन्सला गेलेल्या पोरीच्या घरात हाडं बसवणारी बाई! गुरुवारी साताऱ्याला जाताना मी तिला बजावलं, "आत्या, तू काय करतेस ते तिथं सांगू नकोस हां."

"न्हाई सांगत बाई," ती म्हणाली. "मी निस्ती बसून ऱ्हाते."

साताऱ्यात बाबांनीच सांगितलं. विभागप्रमुख सरांच्या केबिनमध्ये चहा आला, सरांनी घरची चौकशी केली आणि बाबा भोळेपणानं बोलून गेले. माझे कान तापले. पण सर एकदम खूश झाले. खुर्चीतून उठले, आत्याला हात जोडले, पारंपरिक ज्ञानावर दहा मिनिटं बोलले. कपाटात पाहुण्यांसाठी शाली असाव्यात. त्यातली एक काढून त्यांनी आत्याच्या अंगावर घातली, हातात नारळ दिला. फोटोसाठी दोन शिक्षक आले. शाल आत्याच्या उजव्या खांद्यावरून घसरली. सरांनी ती उचलून परत ठेवली. परत घसरली, परत ठेवली, आणि मग फोटो निघाला.

मी हवेत होते. लाज कुठल्या कुठे पळाली होती. झकपक मशिनं बघून झाली, वसतिगृह बघून झालं. बाबांच्या पिशवीतली दाखल्यांची फाइल मी तिथंच काढायला लागले होते.

"उद्या सांगली बघायचीय," बाबा म्हणाले.

"आता कशाला?"

"ठरलंय म्हणून."

शुक्रवारी मी फुरंगटूनच सांगलीला गेले. कॉलेज जुनं, जिन्यातला रंग उडालेला. ऑफिसात सांगितलं की विभागप्रमुख मॅडम ओपीडीत आहेत, तिथंच भेटा. ओपीडी म्हणजे पडदे लावलेल्या खाटांची एक लांब खोली. बाकावर गुडघे धरून बसलेली माणसं, आणि मधे पन्नाशीच्या एक मॅडम, बाह्या दुमडलेल्या. चहाबिहाचं नावच नव्हतं. आम्ही बाकावर टेकलो. आत्या बसताना डाव्या हातानं पदर सावरत होती, तेवढ्यात मॅडम लांबूनच म्हणाल्या, "आजी, उजवा हात कधीपासून वर जात नाही?"

मी आत्याकडं बघितलं. मला हे माहीत नव्हतं. सहा महिने झाले होते. तिला केसांचा अंबाडा घालता येत नव्हता, सून घालून देत होती. गावची हाडं बसवणाऱ्या बाईचा स्वतःचा खांदा धरला होता, आणि ते ती कुणाला सांगणार?

मॅडमनी तिला खाटेवर बसवलं आणि आधी डावा, चांगला हात उचलून बघितला. वर, मागं, बाजूला. मग उजवा. आत्या माझ्याकडं बघून डोळ्यांनी हसली. कुठल्याही दुखण्यात आधी धड अंग चाचपायचं, म्हणजे बिघडलेलं बोटांना कळतं, हे तिचे सासरे तिला शिकवायचे. या बाईला ते ठाऊक होतं. आत्यानं भारावून स्वतःच सांगून टाकलं की तीही हेच काम करते.

मॅडमचे हात थांबले.

"एक्स-रे बघून करता?"

"कवा कवा फोटो असतुय लोकांकडं. नसला तर हातालाच कळतंय."

"हाताला सगळं कळत नाही, आजी. निखळलं की मोडलं, हे हाताला दर वेळी कळत नाही. मोडलेलं ओढलंत तर शीर तुटेल. माझ्याकडं अशी मुलं येतात, मी रोज बघते." त्या ओरडल्या नाहीत, पण बाकावरची माणसं ऐकत होती. मला मॅडमचा असा राग आला की मी उठलेच. काल ज्या बाईला शाल पांघरली होती, तिला आज चारचौघांत झापणं चाललं होतं.

आत्या कधी कुणाचं ऐकून घेत नाही. मला वाटलं, आता भडका उडणार. ती खाली बघत होती.

"व्हय," ती म्हणाली. "खरं हाय तुमचं. त्यो तिथं हुबा हाय बघा, माझा भाऊ. त्येचा हात मीच घालवलाय."

बाबांचा डावा हात कोपरात पुरता सरळ होत नाही, हे मी जन्मापासून बघत आले आहे. लहानपणी पडलो, एवढंच ते सांगायचे. त्या दिवशी कळलं की ते पडले ते कुंडलला, बहिणीकडं सुट्टीला गेल्यावर, बैलगाडीवरून. बारा वर्षांचे होते. आत्याचे सासरे कुस्त्यांच्या फडाला परगावी गेले होते. नव्यानं शिकलेल्या आत्याला वाटलं, कोपर निखळलंय. तिनं ओढून बसवलं, बांबूच्या कामट्या बांधल्या. हाड मोडलं होतं, ते वाकडंच जुळलं. पुढं गावातली बरोबरीची पोरं लष्कराच्या भरतीला गेली, बाबाही गेले. पळण्यात पहिले आले. मेडिकलला डॉक्टर म्हणाले, हात सरळ कर. तो झाला नाही.

"आक्का, बास की आता," बाबा म्हणाले.

"आरं, किती वर्सं गप बसू?"

मॅडमनी बाबांना बोलावलं. आधी त्यांचा उजवा हात बघितला, मग डावं कोपर बोटांनी चाचपलं, वाकवलं, सरळ केलं, जिथं अडतं तिथं थांबल्या. आत्या त्यांच्या तोंडाकडं बघत होती. "तुमची चूक नव्हती" असं एक वाक्य टाकलं असतं तर म्हातारी सुटली असती. मीही तेच म्हणावं म्हणून मनात विनवत होते.

"लहानपणी मोडलेलं कोपर दवाखान्यातसुद्धा कधी कधी वाकडं जुळतं," मॅडम म्हणाल्या. "यांचं तुमच्यामुळं झालं की तसंही झालं असतं, हे आज सांगता येत नाही. मला नाही सांगता येणार." आणि मग तिच्या उजव्या हाताखाली हात घालून म्हणाल्या, "हा खांदा मात्र सुटेल. रोज करायचं मी दाखवते तसं."

पुढं चार वर्षं या बाईंनी मला शिकवलं. एवढी खरी आणि एवढी कोरडी बाई मी दुसरी पाहिली नाही. पेशंटला बरं वाटावं म्हणून त्या कधी खोटं बोलल्या नाहीत, आणि पेशंट त्यांना सोडून कधी गेला नाही. पण त्या शुक्रवारी मी चिडलेलीच होते. बाहेर व्हरांड्यात येऊन म्हणाले, "चला, उद्या सकाळी साताऱ्याला. फाइल देऊन टाकू."

"हितंच दे," आत्या म्हणाली.

"तुला एवढं बोलल्या त्या!"

"बोलू दे की. त्या सायबानं माझ्या खांद्यावर शाल घातली, पोरी. दोन डाव घसारली. त्येला खांदा दिसला न्हाई." ती जिन्याच्या कठड्याला टेकली. "हिला बसायच्या आधी दिसला. मला जे यीत न्हाई, ते शीक हिच्याकडनं."

 बाबांनी पिशवी माझ्याकडं केली.  काचेची इमारत, मैत्रीण, सगळं मी आठवून बघितलं. पण काल तिसऱ्यांदा शाल घसरू नये म्हणून आत्या खांदा कसा आवळून बसली होती, तेही आठवलं. तेव्हा मला वाटलं होतं की ती लाजतेय. सरांना दिसला नाही तसा मलाही तो खांदा दिसला नव्हता, आणि मी तर तिच्या घरची.

मी फाइल घेऊन ऑफिसात गेले. क्लार्कनं एकेक दाखला तपासून पोच लिहिली आणि माहितीचा फॉर्म भरायला घेतला. वडिलांचा व्यवसाय, शेती. वसतिगृह हवं का, हो. मग मान वर न करता विचारलं, "घरात वैद्यकीय क्षेत्रात कुणी?"

मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं.

"हाय," बाबा म्हणाले. "हिची आत्या."

"डॉक्टर आहेत?"

"न्हाई. हाडं बसवत्यात."

आत्या दारातून म्हणाली, "आरं, नगं लिवायला लावू. आत्ता ऐकलास न्हवं, मी काय केलंय ते?"

"ते काय मला आज कळलंय व्हय?" बाबा मागं वळले. "भरतीच्या डाक्टरनं सांगितलं हुतं मला तवाच. पर मी पडलो त्या दिशी माझा हात धरून रातभर जागलं कोण? लिवा सायेब."

क्लार्क पेन धरून तसाच बसला होता. त्याला कुठं काय लिहायचं ते कळत नव्हतं. मी फॉर्म माझ्याकडं ओढला आणि त्या ओळीत माझ्या अक्षरात आत्याचं नाव लिहिलं.