सेनापती आणि ट्रॅक्टरचा हॉर्न

अंबाजोगाईत मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. अवकाशयानांच्या गोष्टी लिहायचा नाद मला कॉलेजपासूनचा, पण त्या कधी वहीबाहेर पडल्या नव्हत्या. बीडला हौशी मंडळींची एकांकिका स्पर्धा आहे असं कळलं, तेव्हा स्टाफरूममध्ये चहा पिता पिता मी बोलून गेले, "माझ्याकडे एक लिहून तयार आहे." बोलले आणि अडकले.

एकांकिका अशी होती. पृथ्वीपासून फार लांब एक लष्करी तळ. तिथल्या सेनापतीला कुणाचाच भरवसा वाटत नाही. जेवण आधी दुसऱ्याला चाखायला लावतो, झोपताना दाराला कपाट लावतो. एक दिवस एक अनोळखी यान तळाकडे येताना दिसतं. त्याचा रेडिओ बंद असतो. उपसेनापती म्हणते, थोडं थांबू. सेनापती म्हणतो, थांबलो तर मेलो, आणि लाल बटण दाबून हल्ला करतो. यान जळून जातं. मग कळतं, ते त्यांनाच घरी न्यायला आलेलं होतं.

सेनापती झाले आमचे इतिहासाचे सर. उंच, मिशीवाले, आवाज असा की दोन वर्गांपलीकडे पानिपत ऐकू यावं. उपसेनापती झाली माझी शेजारीण. ती सरकारी दवाखान्यात नर्स, सगळे तिला सिस्टरच म्हणतात. रडारवर मी बसणार होते.

तळाचं यंत्र बनवायला मी परळी रोडवरच्या मिस्त्रीचाचांकडे गेले. चाचांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज, वय साठीच्या पुढं, दाढी पांढरी, नखांत ग्रीस. त्यांनी माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि आठ दिवसांत काम करून दाखवलं. जुन्या ट्रॅक्टरचे मीटर, स्कूटरचे इंडिकेटर, रडार म्हणून जीपचा वायपर आणि हल्ल्याच्या आवाजासाठी लाल बटणाला जोडलेला ट्रॅक्टरचा हॉर्न. सगळं एका बॅटरीवर. ते चालवायला चाचा स्वतः रोज आमच्या प्रयोगशाळेत तालमीला येऊ लागले.

चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "मॅडम, ह्यो तुमचा सेनापती इतका भेतो कावून?"

मी पुस्तकी उत्तर दिलं. एकटेपणा, सत्ता, असं काहीतरी.

चाचांनी मान हलवली. "तसं न्हाई. भेणाऱ्या माणसाला आपण भेतोय हे कळतच न्हाई. त्याला वाटतं, आपण लई हुशार हाओत. म्या सांगतो, माझंच झालतं."

आम्ही प्रयोगशाळेतल्या स्टुलांवर बसलो आणि चाचा सांगू लागले.

त्यांच्या समोर एक नवं गॅरेज निघालं होतं. मोठा बोर्ड, नवी यंत्रं. चाचांच्या डोक्यात बसलं की हा आपल्याला उठवायला आलाय. फोन वाजला की वाटायचं, तोच खोटं गिऱ्हाईक बनून बोलतोय. म्हणून त्यांनी फोनच बंद करून ठेवला. मग एका दुपारी एक पांढरी जीप गॅरेजसमोरून हळूहळू गेली. परत आली. तिसऱ्यांदा आली. आतले लोक चाचांचा बोर्ड वाकून वाकून वाचत होते.

"म्या म्हणलं, ही त्याचीच माणसं. पाळत ठेवाय लागलेत. जीप कोपऱ्यावरच्या हॉटेलापाशी थांबली, ते लोक चहाला गेले. म्या गेलो आन् चारी चाकांची हवा सोडून आलो. छाती ही अशी फुगलेली! घरी गेलो जेवाय, तर बायको नवी साडी नेसून दारात. म्हणते, पावणे कुठवर आले? तुमचा फोन कावून लागत न्हाई? पोरीला बघाय येणार हायेत आज!"

सिस्टर हसता हसता स्टुलावरून घसरली. "मग ओ चाचा?"

"मग काय? पंप घेतला आन् पळत गेलो. पावण्यांसमोर चारी चाकं माझ्या हातानं भरली. म्हणलं, माफी द्या, ही हवा म्याच सोडलती. त्यातले म्हातारबाबा इतके हसले की पायरीवरच बसले. आता ते माझे व्याही हायेत."

त्या दिवशी घरी जाताना माझ्या डोक्यात तो पंपच घोळत होता. माझ्या सेनापतीला पश्चात्ताप होत होता, पण त्याला करण्यासारखं मी काहीच शिल्लक ठेवलं नव्हतं. सगळी माणसं मारून टाकली होती. दुसऱ्या दिवशी मी शेवट बदलला. यान जळत नाही, फक्त त्याचं इंजिन बिघडतं. कप्तान चालत तळावर येतो, आणि ते इंजिन सेनापतीलाच दुरुस्त करावं लागतं.

स्पर्धेला दोन दिवस असताना सरांचा आवाज गेला. रोज "हल्ला करा!" असं ओरडून घसा पार बसला होता. डॉक्टरांनी बोलायचं नाही म्हणून सांगितलं. सरांनी पाटीवर लिहून दाखवलं, "चाचांना सगळं पाठ आहे."

ते खरंच होतं. पण चाचा हात जोडू लागले. "मॅडम, म्या शाळेत बी कधी स्टेजवर गेलतो न्हाई. आन् माझी बोली ही अशी."

मी म्हटलं, "एवढ्या लांबच्या तळावर कुणी कसंही बोलू दे. तुम्ही तुमचंच बोला." आणि सरांना कप्तानाचं काम दिलं. यानाचा रेडिओ बंद, तसा कप्तानाचा आवाज बंद; शेवटी फक्त एक वाक्य, तेही कुजबुजत.

बीडला आमचा प्रयोग दुपारी होता. सिस्टरने सगळ्यांच्या तोंडाला चंदेरी रंग फासला. चाचांची दाढीसुद्धा तिने सोडली नाही. पडदा उघडला. चाचा असे आत आले, प्रत्येक मीटरकडे संशयाने बघत, माझ्या खुर्चीखाली वाकून बघत, की लोक पहिल्याच मिनिटाला हसायला लागले.

यान जवळ आलं. वायपर फिरू लागला. सिस्टर ओरडली, "सेनापती, थांबा! ते आपलेच असतील!" चाचांनी लाल बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

पुन्हा दाबलं. शांतता. मी विंगेकडे बघितलं. चाचांनी मात्र खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला, यंत्राचं झाकण उघडलं आणि गरजले, "सगळे फितूर! बटन बी फितूर!"

सगळं सभागृह उसळलं. सिस्टरलाही जोर चढला. "सेनापती, बटनाला कळतंय, तुमालाच कळंना!"

चाचा आत हात घालून तारा जोडत होते, ती गयावया करत होती, आणि अचानक हॉर्न वाजला. वाजला तो थांबेचना. चाचा ओठ हलवत होते, पण एक शब्द ऐकू येत नव्हता. मी कानांवर हात ठेवले. पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत हसत होत्या. शेवटी चाचांनी बॅटरीची तार खस्सकन ओढली.

त्या शांततेत सर आत आले. चंदेरी हेल्मेट काढून त्यांनी घोगऱ्या, बसलेल्या आवाजात म्हटलं, "आम्ही... तुम्हाला घरी न्यायला आलो होतो."

ती कुजबुज मागच्या रांगेपर्यंत पोचली. कुणी खोकलंसुद्धा नाही. चाचा हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरकडे बघत उभे राहिले, इतका वेळ की मला वाटलं, वाक्य विसरले. मग म्हणाले, "चला. म्या बिघडवलं, म्याच नीट करतो." संहितेत होतं, "इंजिन मी दुरुस्त करीन." चाचांचं वाक्य माझ्यापेक्षा चांगलं होतं.

आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं आणि अभिनयाचं पहिलं चाचांना. परीक्षक म्हणाले, "ऐन वेळी बटण बिघडतं, ही कल्पना फार आवडली." मी मान डोलावणारच होते, तोवर चाचा बोललेच, "कल्पना कशाची साहेब, तार निसटलती!"

परतताना पालीजवळ, बिंदुसरेच्या धरणापाशी आम्ही टेम्पो थांबवला. ऊन कलत होतं. सिस्टरने धपाटे आणि दही आणलं होतं. तोंडं धुतली, पण रंग काही निघेना. खोबरेल लावलं, तर तो आणखी चमकायला लागला. मग नाद सोडला आणि तसेच खायला बसलो. तेवढ्यात एसटी गेली. खिडकीतून एक म्हातारी आमच्याकडे बघतच राहिली, आणि मग तिने हात हलवला. आम्ही चौघांनीही धपाटे उंच धरून हलवले.