कोपऱ्यावरून परत

लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीला खिडकी होती, पण वाफेनं तिची काच कायमची आंधळी झालेली. त्या खिडकीशी उभं राहून ती वर्षानुवर्षं इस्त्री करत आली होती. सगळे तिला घडीबाई म्हणत. तिनं घातलेली घडी मोडायला गिऱ्हाइकाच्या जिवावर यायचं.

सकाळी लॉजच्या चादरींचा गठ्ठा तिची लेक पोचवायची आणि तिथूनच शाळेत पळायची. लॉजवाला महासंशयी, एकेक चादर उलगडून डाग शोधायचा. पोरीला उशीर व्हायचा. शाळेत उशिराला दंड होता. फाटकावर रोख भरायचा, नाहीतर आत पाऊल नाही. गैरहजेरीला मात्र काहीच नव्हतं, अंगात कणकण होती एवढी चिठ्ठी पुरायची.

पळवाट घडीबाईनंच काढली. "कोपऱ्यावर घंटा ऐकू आली ना, की पुढं जाऊच नकोस. सरळ माझ्याकडे ये." शाळेच्या हातावर चांगली तुरी दिली, असं तिला वाटलं होतं.

आधी हे कधीमधी व्हायचं. परत आलेल्या पोरीला रिकामं कशाला बसवायचं, म्हणून तिनं रुमाल दिले. मग उशांचे अभ्रे. मग चादरीचं दुसरं टोक. दोघींनी धरलं की काम झपाट्यानं उरकायचं. मालक म्हणाला, "पोरगी तुझ्यापेक्षा वरचढ निघाली, घडीबाई! तुला घरी बसवू आता?" तेव्हा ती हसली होती. ते हसू पुढं घशात अडकलेल्या केसासारखं टोचत राहिलं, कारण पोरीनं हळूहळू घंटेची वाट बघणंही सोडलं, लॉजवरून थेट लॉन्ड्रीतच यायला लागली.

मग एके दुपारी शाळेच्या मोठ्या बाई कोट न्यायला आल्या. काउंटरवरून आत वाकून म्हणाल्या, "आम्ही दंड बंद केला. चुकलंच आमचं. आता कितीही उशीर होऊ दे, तिला पाठवा."

घडीबाईला झाला तो आनंदच असावा, पण तो नीट ओळखू येईना.

"ऐकलंस?" बाई गेल्यावर ती म्हणाली.

"ऐकलं."

"मग?"

"वर्ग कुठल्या कुठं गेला, आई. मी काय, फळ्याकडे बघत जांभया देऊ?"

"बाई शिकवतील ना."

"टोक ताण जरा. मध्ये झोळ पडलाय."

त्या संध्याकाळी घडीबाईनं लेकीच्या गणवेशाची खालची पट्टी उसवून लांबी वाढवली. जुन्या दुमडीची रेघ मात्र जाईना. पाणी शिंपडलं, इस्त्री दाबून धरली, कापड करपायच्या बेताला आलं. रेघ तशीच.

सकाळी दोघी मिळून निघाल्या. लॉजवाल्यानं आजही सगळा गठ्ठा उलगडला. शाळेच्या कोपऱ्यावर आल्या तोच घंटा झाली आणि पोर जागच्या जागी थांबली.

फाटक उघडं होतं. शिपाई हात हलवत ओरडला, "अगं ये की! आता फुकट आहे!"

घडीबाईनं तिचं मनगट धरलं. "दंड नाहीये आता, बाळा."

"माहितीये."

"मग चल ना. मी येते वर्गापर्यंत."

पोरीनं फाटकाकडे पाहिलं. दुसऱ्याच्या घराकडे पाहावं तसं. "तूच म्हणायचीस ना, घंटा झाली की परत ये?" त्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर घडीबाईला भांडता आलं असतं. तिनं मनगट सोडलं. पोर वळली आणि भराभरा चालू लागली. शिपाई थोडा वेळ थांबला, मग फाटक नुसतं लोटून आत गेला.

ती मागच्या खोलीत पोचली तेव्हा लेक गणवेशातच उभी होती, ओल्या चादरीची दोन टोकं हातात घेऊन.

"धर," पोर म्हणाली.

घडीबाईनं धरलं.