रामरतीची नात

फिजीच्या मावशी स्वतःचं नाव सांगण्याआधी आजीचं सांगायच्या. "हम रामरती के नातिन." कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या पार्कात मुलांकडे आलेले आम्ही आईबाप एकमेकांना 'मुलगा कुठल्या कंपनीत?' विचारणारे, हे उत्तर ऐकून पुढचा प्रश्न विसरायचो. माझी कानटोपी पाहून त्या हसायच्या. "भइया, अमरावती में बरफ गिरे है का?"

त्यांची आजी गिरमिटावर, म्हणजे पाच वर्षांच्या करारावर, उसाच्या मळ्यात राबायला फिजीला गेलेली. मुकादमाने अंगावर हात टाकला म्हणून तिने गोऱ्या मॅजिस्ट्रेटपुढे फिर्याद केली, आणि तुरुंगात गेली ती स्वतःच. "सब कहत रहे, आजी झूठी रही. हम नहीं माना."

दोन हजार चार साली भाच्याने फिजीहून खटल्याची नक्कल पाठवली. त्यांची मुलगी म्हणाली, "लीव्ह इट, मा." मावशींना इंग्रजी वाचता येत नसे. त्या माझ्याकडे आल्या, कारण मी तीस वर्षं कोर्टात कारकुनी केलेली.

सवयीने मी आधी शेवटचं पान काढलं. कोर्टात आम्ही तेच करायचो. निकाल कळल्यावर बाकीचा गठ्ठा कोण वाचतो?

"खोटी फिर्याद केली म्हणून तीन महिने सक्तमजुरी," मी हिंदीत सांगितलं.

"पक्का?"

"कोर्ट का कागज है, बहनजी."

त्यांनी कागद परत घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी पार्कात एका नव्या बाईंना त्यांनी फक्त स्वतःचं नाव सांगितलं.

आठवड्याने मी मधली पानं वाचली. रामरतीला इंग्रजी येत नव्हतं. तिची जबानी मॅजिस्ट्रेटला इंग्रजीत सांगणारा दुभाष्या होता तोच मुकादम, ज्याच्याविरुद्ध तिची फिर्याद होती.

मी बोललो नाही. कोर्टातला माणूस कागद न वाचताच बोलला, हे कबूल करवेना. वर्षभर आम्ही एकाच बाकावर बसलो. त्या हवेबद्दल बोलायच्या, मी हो म्हणायचो.

मुलीबरोबर सॅक्रामेंटोला राहायला जाताना त्यांनी पत्ता दिला. म्हणाल्या, "घर वाले सुनी-सुनाई बोलत रहे. आप पढ़ के बोला. अब मन मान गया, भइया."

मी मान डोलावली.

सगळं लिहून पत्र टाकायला मला दोन वर्षं लागली. उत्तर मुलीचं आलं, इंग्रजीत, चार ओळींचं. आई मागच्या हिवाळ्यातच गेली. पत्र मी वाचलं, तुमचे आभार.