तेलाची कुपी आणि काळी टाकी

उस्मानपुऱ्यात माझ्या वडिलांचं गॅस वेल्डिंगचं दुकान होतं. रस्त्यालगत पत्र्याची शेड, आत कार्बाइडचा उग्र वास आणि कोपऱ्यात साखळीनं बांधलेली ऑक्सिजनची काळी टाकी. सकाळची शाळा सुटली की मी आईसोबत त्यांचा डबा घेऊन जायची.

आई बिडकीनकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. कुणाचं अडलं की न विचारता मदतीला धावायची. टाकीच्या तोंडावरची, वायू सोडायची चावी फार घट्ट होती. ती फिरवताना वडिलांच्या मनगटाच्या शिरा फुगायच्या, ते तिला बघवत नसे. एकदा वडील गिऱ्हाइकाशी बोलत होते. तेवढ्यात तिनं ड्रिल मशीनजवळची तेलाची कुपी उचलली आणि चावीपाशी नेली.

"ठेव ती खाली!"

वडिलांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्यांनी कुपी हिसकावून थेट रस्त्यावर फेकली. आईनं पदर सावरला आणि घरची वाट धरली. त्या दिवशी आमच्या घरात फक्त भांडी बोलली.

दुसऱ्या दिवशी वडील स्वतःच आम्हाला दुकानात घेऊन गेले. त्यांनी उदबत्ती पेटवून विझवली, नुसता निखारा ठेवला. मग नळीतून ऑक्सिजन अगदी हळू सोडला आणि उदबत्ती पुढं धरली. निखारा पांढरा झाला, भप्पकन ज्योत उभी राहिली.

"हा वायू सोता जळत नाय, पण दुसऱ्याला लई जोरात जाळतो," ते म्हणाले. "तेल लागलं असतं तर टाकी उघडताच भडका उडाला असता. म्हणून घाबरलो गं."

आई ज्योतीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तुमच्या थोरल्या बहिणीसारखाच म्हणा की."

वडील इतके हसले की समोरचा चहावाला बघायला आला.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत सगळा ऑक्सिजन दवाखान्यांकडं वळला आणि दुकान बंद पडलं. त्याच दिवसांत आईला धाप लागू लागली. क्रांती चौकाजवळच्या एका दवाखान्यात तिला खाट मिळाली. आत कुणाला सोडत नव्हते. वडील रोज बाहेर उभे राहायचे. टाक्यांची गाडी आली की न सांगता पुढं व्हायचे. टाकी तिरकी करून, बुडाच्या काठावर फिरवत दारापर्यंत न्यायचे.

"काका, बाजूला व्हा, लागेल तुम्हाला," गाडीवरचा पोरगा म्हणायचा.

"मला येतं रे बाबा."

एका दुपारी आईचा फोन आला. मी तो वडिलांच्या कानाला लावला.

"नाकाशी गार गार हवा येती," ती म्हणाली. "वास मात्र कसलाच नाय."

"त्याला वास नसतोच," वडील म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "बरं वाटतंय ना?"

"व्हय. भूक लागलीय लई."

आई घरी आली. जिना चढताना ती दमून थांबायची, तेव्हा वडीलही तिच्या पायरीवर थांबायचे. पुढं काही वर्षं त्यांना अशी सोबत मिळाली. आता वडील नाहीत. शेडच्या जागी मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. तिथून जाताना माझी चाल आपोआप मंदावते.