थर्मासमधलं सॅम्पल

मूल होत नाही म्हणून येणाऱ्या जोडप्यांचे रिपोर्ट फायलीत लावता येतात. किस्से कुठे लावायचे, सांगा! टेमघरच्या माझ्या दवाखान्यात ते नुसते साठत चाललेत. त्यातही खारबावच्या एका घराने तर हद्दच केली.

त्या घरातल्या काकू सुनेला, प्रणालीला, घेऊन आल्या. तिच्या सगळ्या तपासण्या झालेल्या, सगळ्या नॉर्मल. मी विचारलं, "आणि मुलाची?"

"नितेशची? त्याला काय धाड भरलीय! चांगला धडधाकट हाय!"

वर सुनेच्या देखत म्हणतात, "हिला न्हाय झालं तर नितेशसाठी पूर्णे गावची पोरगी बघून ठेवलीय." मी हादरलेच! प्रणालीने आपले रिपोर्ट गोळा करून पिशवीत ठेवले.

*

खूप भांडून मी नितेशचं सॅम्पल मागवलं. बजावलं, "तासाभरात आणा, अंगाच्या उबेत ठेवा."

दुसऱ्या दिवशी काकू स्वतः हजर! हातात चहाचा थर्मास. आमची रिसेप्शनिस्ट शबाना खूश. "आंटी, मेरे लिए भी लाये क्या?"

झाकण उघडलं, तर उकळत्या पाण्यात सॅम्पलची डबी तरंगतेय! शबाना त्या दिवशी चहाच प्यायली नाही.

*

शेवटी नितेशला इथेच बोलावलं. शुक्राणू अगदी थोडे, तेही निपचित. कळलं की त्याचा स्वतःचा सायझिंगचा कारखाना आहे. सुताला खळ लावून वाफेवर सुकवतात, तिथे हा दिवसभर उभा.

मी समजावलं, "उष्णता वाढली की पेशी स्ट्रेस प्रोटीन बनवतात. घडत असलेल्या शुक्राणूंना ती सांभाळून घेतात. लूमवर तुटलेला धागा जोडणारा माणूस असतो ना, तसं. पण सगळेच धागे तुटायला लागले तर तो बिचारा काय करणार? काही महिने वाफेपासून लांब राहा."

"म्हणजे दोष माझ्यात?" नितेशचा चेहरा पांढराफटक. काकू त्याला पदराने वारा घालायला लागल्या.

*

आठवड्याभराने काकूंचा फोन. "मॅडम, पोरगा उठंना! कंबर आखडली!"

का? तर काकूंनी मासळीवाल्याकडून बर्फाची लादी आणून त्याला रोज तिच्यावर बसवलेलं! अहो, लांब राहा म्हटलं होतं, गोठवा नाही! मी कपाळाला हात लावला.

*

पण नितेश खरंच सायझिंगपासून लांब राहिला. काही महिन्यांनी पुन्हा तपासलं, आणि रिपोर्ट चांगला आला! काकूंनी तिथेच देवाला हात जोडले. शबाना दारातून ओरडली, "मुबारक हो!" मलाही भरून आलं.

प्रणालीने माझ्या हातून रिपोर्ट घेतला, सावकाश वाचला आणि काकूंपुढे धरला.

"आई, हा पूर्ण्याच्या लोकांना दाखवा. आता पोरगी द्यायला त्यांची काय हरकत न्हाय. मी माहेरी चालले."

आणि गेली!