वैशालीला इंग्रजी येत होतं

प्रमोदचा फोन आला तेव्हा मी सिंगापूरमध्ये, तांजोंग पगारच्या ऑफिसात होते. "वैशाली गेली, ताई," तो म्हणाला. "झोपेतच गेली. आणि शेवटपर्यंत तिला काही कळलं नाही, एवढंच समाधान..." मी नुसतं "हो" म्हटलं. तिला सगळं कळलं होतं, हे त्या क्षणी त्याला कसं सांगणार होते?

वुडलँड्सला आम्ही काहीजण मिळून रविवारी सकाळी मोठ्या माणसांसाठी इंग्रजीचा फुकट वर्ग चालवतो. एका इमारतीच्या तळमजल्यावरची खोली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आवाज करणारा पंखा. येणाऱ्या बहुतेक बायकाच. कोणी म्यानमारची, कोणी तमिळनाडूची, कोणी लग्न होऊन व्हिएतनामहून आलेली. सगळ्यांना काम हवं असतं, आणि कामाआधी मुलाखत असते. वैशाली सांगलीची. नवरा जहाजदुरुस्तीच्या यार्डात सुपरवायझर, मुलगी ईरा इथल्याच शाळेत. सांगलीत वैशाली ब्लाउज शिवायची आणि लग्नसराईत बायका तिची मनधरणी करायच्या. इथे तिला कोणी काही विचारत नसे. बँक, शाळा, दवाखाना, सगळीकडे प्रमोदच बोलायचा. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "ताई, माझी मुलगी माझ्याशी इंग्रजीत बोलते आणि ती काय म्हणाली ते कळायला मला नवऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागतं."

शिकली ती हट्टाने. एमआरटी ट्रेनमधल्या सूचना पुटपुटत यायची, चुकली की स्वतःवरच चिडायची, आणि मी सोपं करून सांगायला लागले की म्हणायची, "सोपं नको, खरं सांगा." घरी मात्र तिने यातलं काही दाखवलं नाही. प्रमोदला वाटायचं, ही रविवारी चार बायकांत बसून करमणूक करून घेते. "कपडे बेतून देण्याच्या दुकानात काम लागलं की एकदम सांगेन," ती डोळे मिचकावत म्हणायची. "तोवर मी मुकीच."

मग पोटात दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, एक-दोन रविवार चुकले. परत आली तेव्हा सगळ्यांसमोर तिने विचारलं, "ताई, 'वर्थ इट' म्हणजे काय हो?" नवा शब्द घेऊन आली म्हणून मला बरं वाटलं. मी रंगवून सांगितलं. महाग पैठणी घेतलीस, पण नेसल्यावर पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं, तर ती 'वर्थ इट'. बाकीच्यांसाठी मी तेच इंग्रजीतही सांगितलं. बायका हसल्या. वैशालीने मान हलवली.

वर्ग सुटल्यावर ती मागे थांबली. "म्हणजे ह्यांनी, ईराच्या पपांनी, डॉक्टरांना विचारलं की मला औषध देऊन पैसे वसूल होणार आहेत का."

कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता. औषधाने काही महिने वाढले असते, तेही हाल होऊन. डॉक्टर हे सांगत असताना ती प्रमोदच्या शेजारच्याच खुर्चीत होती. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, तर प्रमोद म्हणाला, हिला इंग्रजी येत नाही, मी घरी समजावतो. घरी येऊन त्याने सांगितलं, अल्सर आहे, बरा होईल. आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडला. "बाकी सगळं कळलं होतं, ताई. तेवढाच शब्द अडला होता."

"त्याला सांग, तुला कळलंय म्हणून," मी म्हटलं.

"नको. त्या खोट्यावरच तर ते उभे आहेत. तुम्हीही बोलायचं नाही."

पुढच्या रविवारी आम्ही मुलाखतीचा सराव ठेवला होता. आमच्याबरोबर शिकवायला बेडोकहून येणारे एक निवृत्त गृहस्थ दुकानमालक झाले आणि त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता? त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी मध्ये पडणार तोच वैशालीने सावकाश, एकही चूक न करता उत्तर दिलं, की तोवर माझं स्वतःचं दुकान असेल. "व्हेरी गुड," ते म्हणाले. वर्गाने टाळ्या वाजवल्या. ती माझ्याकडे बघत होती.

काम तिला खरंच लागलं, आणि काही आठवडे तिने केलंही. घरी सांगितलं, ओळखीच्या बाईला मदत करते. मग औषधाची वेळ आली. प्रमोदच्या भाषेत ती 'अल्सरची इंजेक्शनं'. वैशालीने नर्सचा हात ढकलला आणि मराठीत हट्ट धरला, सुया नकोत, मला भीती वाटते. प्रमोद तिला अडाणी म्हणून ओरडला, मग त्याने विनवलं, आणि शेवटी हार मानली. "त्यांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं, ताई," तिने मला सांगितलं. "उतरताना मी बघितलं..."

ती गेल्यानंतर काही आठवड्यांनी, वर्ग सुटता सुटता प्रमोद दारात उभा होता. आदल्या दिवशी तो ईराला म्हणाला होता, आईला काही कळलं नाही ते बरं झालं. तर ती पोर इथल्या मुलांसारखा शेवटी 'लाह' लावत म्हणाली, "शी न्यू, पपा. तू नसताना नर्सशी इंग्लिशमध्येच बोलायची लाह."

"खरं आहे?" त्याने विचारलं.

"हो."

"डॉक्टरांच्या खोलीतलंसुद्धा?"

"तेसुद्धा."

तो खुर्चीत बसला. "मी डॉक्टरांना ते विचारलं तेव्हा माझ्याकडे बघून हसली होती ती. मला वाटलं, बिचारीला काही कळत नाही..." मग तो उठला. "तुम्ही तिला शिकवायलाच नको होतं," एवढं बोलून निघून गेला.

हे लिहू का, असं मी नंतर फोनवर विचारलं. "लिहा," तो म्हणाला. "तिला इंग्रजी येत नाही असं मी गावभर सांगत होतो. लोकांना कळू दे."

वर्ग चालू आहे. नव्या बायका येतात, शब्द आणतात, अर्थ विचारतात. पूर्वी मी लगेच सांगायला लागायचे. आता आधी विचारते, "हा शब्द कुठे ऐकलात?" बाई सांगू लागली की मी खडू खाली ठेवते. आणि मग अर्थ सांगते. खरा सांगते.